गुडघ्याच्या मागे पाण्याची गाठ : घाबरू नका, पण अंगावरही काढू नका

"बेटा, अत्तहियातला बसताना गुडघ्याच्या मागे काहीतरी आडवं येतंय." घरातली अम्मी, दादी किंवा खाला असं म्हणते, तेव्हा आपण काय करतो? बहुतेक घरांत बामची डबी पुढे सरकवली जाते. आठ-पंधरा दिवसांनी शेजारची आपा येऊन तेल लावून चोळून देते. मग एक दिवस हात मागे गेला की लिंबाएवढा मऊ फुगवटा लागतो आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. गाठ म्हटलं की आपल्या डोक्यात एकच शब्द येतो, कॅन्सर. मग दोनपैकी एक होतं. एक तर घाबरून चार डॉक्टर पालथे घातले जातात, नाहीतर "नको ते निघालं तर" या भीतीने कोणालाच दाखवलं जात नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात दुसरा प्रकार झाला. अम्मीचं वय साठीच्या आत-बाहेर. गुडघेदुखी जुनी. मागे फुगवटा आला होता तो तिने चार महिने कोणाला सांगितला नाही. एकदा घरी दावत होती. दिवसभर उभं राहून स्वयंपाक झाला आणि संध्याकाळी उठताना पोटरीत काहीतरी फाटल्यासारखी कळ आली. रात्रीपर्यंत पोटरी टम्म सुजली. एक म्हणाला, लचक भरली, गरम तेलाने जोरात चोळा. मुलगी अडून बसली, "आधी डॉक्टर, मग तेल." तिचं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते आम्ही या लेखात समजावून सांगणार आहोत.

ही गाठ म्हणजे नेमकं काय?

आपला गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. बिजागरीला तेल लागतं तसं गुडघ्यालाही वंगण लागतं. सांध्याच्या आतलं अस्तर हे वंगण, म्हणजे चिकटसर पातळ पाणी, तयार करत असतं. निरोगी गुडघ्यात ते थोडंसंच असतं.

गुडघ्याच्या मागे, पाय वाकवला की जी खळगी पडते, तिच्या आतल्या बाजूला दोन स्नायूंच्या मध्ये एक छोटी पिशवी असते. स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने ठेवलेली ही गादीच समजा. पुष्कळ मोठ्या माणसांमध्ये या पिशवीला सांध्याशी जोडणारी बारीक वाट असते. ही वाट बऱ्याचदा झडपेसारखी वागते. पाणी सांध्यातून पिशवीत जातं, पण परत यायला त्याला सोपं नसतं. सांध्यात काही बिघडून पाणी जास्त झालं की ते मागच्या पिशवीत साठतं आणि पिशवी फुगते. हीच ती गाठ.

डॉक्टर हिला 'बेकर्स सिस्ट' म्हणतात. विल्यम मोरंट बेकर हे लंडनचे शल्यचिकित्सक. त्यांनी १८७७ साली या गाठींचं वर्णन करून सांध्याच्या आजाराशी त्यांचा संबंध दाखवला. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी त्याआधी, १८४० मध्येच तिची नोंद केली होती, पण नाव राहिलं बेकर यांचं. कागदावर 'पॉप्लिटिअल सिस्ट' असं लिहिलेलं असेल तर तीही हीच.

पहिली दिलाशाची गोष्ट इथेच सांगतो. ही गाठ कॅन्सर नाही आणि ती कॅन्सरमध्ये बदलतही नाही. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. मोठ्या माणसांत ही गाठ म्हणजे मूळ आजार नव्हे, ती निरोप आहे. मूळ बिघाड बहुतेक वेळा गुडघ्याच्या आत असतो.

पाणी जास्त का होतं?

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे गुडघ्याची झीज. वय वाढलं, वजन वाढलं, वर्षानुवर्षं उकिडवं बसून भांडी-कपडे झाले, की सांध्यातली गुळगुळीत कूर्चा झिजते. आतलं अस्तर चिडतं आणि पाणी सोडू लागतं.

दुसरं कारण गुडघ्यातली गादी फाटणं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. खेळताना पाय पिरगळला, गाडीवरून पडलं, किंवा उतारवयात नुसतं उठता-बसतानाही ही चकती फाटू शकते. मग गुडघा मध्येच अडकतो, 'कट' असा आवाज येतो, पाय सरळ होत नाही.

तिसरं कारण आमवात आणि युरिक ॲसिडचा वात. आमवातात सकाळी उठल्यावर सांधे बराच वेळ आखडलेले राहतात आणि हाताची बोटंही सुजतात.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांत अशी गाठ येऊ शकते आणि बहुधा गुडघ्यात काहीच बिघाड नसतो. दुखतही नाही. ती पुष्कळदा एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करून घ्यावी, पण मुलाच्या गाठीसाठी ऑपरेशनची घाई करू नये.

ओळखायची कशी?

पाय सरळ करून उभं राहिलं की गाठ टणक आणि ठळक लागते. गुडघा अर्धा वाकवला की ती मऊ पडते किंवा लपते. डॉक्टरही हीच साधी खूण तपासतात. बाकी लक्षणं अशी :

- गुडघ्याच्या मागे ताठपणा, दोरी ओढल्यासारखं वाटणं.
- पाय पूर्ण सरळ करताना किंवा पूर्ण वाकवताना दुखणं. सजद्यातून उठताना, अत्तहियातला बसताना, देशी संडासात बसताना हे जास्त जाणवतं.
- जास्त चाललं, जिने चढले, बराच वेळ उभं राहिलं की सूज वाढणं आणि आराम केला की कमी होणं.

काहींना तर गाठ असते आणि काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी तपासणी करताना ती सापडते.

खात्रीसाठी सर्वांत सोपी तपासणी म्हणजे सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही. आत पाणी आहे की मांस, रक्तवाहिनी फुगलेली आहे का, हे तिच्यात कळतं. एक्स-रेमध्ये गाठ नीट दिसत नाही, पण झीज किती आहे ते दिसतं. गादी फाटल्याची शंका असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल तरच एमआरआय लागतो. प्रत्येकाला महागडा एमआरआय लागतोच असं नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "या तपासणीने इलाज बदलणार आहे का?"

इथे आपल्या घरांतली एक अडचण स्पष्ट बोलायला हवी. पाय उघडा करून दाखवावा लागेल या संकोचाने आपल्या कितीतरी माताभगिनी महिनोन्महिने दुखणं लपवतात. महिला डॉक्टर मागण्यात गैर काही नाही. वेळ घेतानाच तसं सांगता येतं. तपासणीत फक्त गुडघा आणि पोटरी उघडी करावी लागते, सैल सलवार वर सरकवली तरी काम होतं. सोबत मुलगी, बहीण किंवा शोहर असावा. आणि महिला डॉक्टर मिळाल्या नाहीत तर इलाजच थांबवावा, असं कोणीही सांगितलेलं नाही. घरातल्या पुरुषांनी ही गोष्ट आपणहून बोलून दाखवली तर तिचा अर्धा संकोच तिथेच संपतो.

सगळ्यांत मोठा धोका : फुटलेली गाठ की रक्ताची गुठळी?

आता त्या दावतीच्या रात्रीकडे येऊ. गाठ कधीकधी फुटते. आतलं पाणी पोटरीच्या स्नायूंमध्ये पसरतं. अचानक कळ येते, पोटरी सुजते, लाल आणि गरम होते. काहींना पोटरीतून पाणी वाहत असल्यासारखं वाटतं. काही दिवसांनी घोट्याजवळ निळसर डागही दिसतो. त्रास होतो, पण फुटलेली गाठ सहसा काही आठवड्यांत आराम आणि औषधांनी बरी होते.

अडचण अशी की पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तरी पोटरी अगदी अशीच दिसते. तीच सूज, तीच लाली, तेच दुखणं. आणि ही गुठळी जीवघेणी ठरू शकते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. नुसतं बघून किंवा दाबून दोन्हींतला फरक अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते. गाठ मोठी असेल तर ती शिरेवर दाब देते, म्हणून एकाच माणसाला दोन्ही असण्याचीही शक्यता असते.

म्हणूनच सुजलेली पोटरी कधीही चोळायची नाही. आत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटू शकते. उलट बाजूही ध्यानात ठेवा. घरात कोणाची रक्त पातळ करायची गोळी पडलेली असेल तर "गुठळी असेल" म्हणून ती परस्पर देऊ नका. गाठ फुटलेली असेल तर त्या गोळीने पोटरीत रक्तस्राव वाढू शकतो. आधी तपासणी, मग औषध.

खालीलपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका :

- एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली : त्याच दिवशी दवाखाना.
- त्यासोबत दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर आली : लगेच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका.
- गाठीत नाडीसारखे ठोके लागतात : ती पाण्याची गाठ नसून फुगलेली धमनी असू शकते. तिला सुई लागता कामा नये.
- गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप : सांध्यात पू झाल्याची शक्यता.
- पाऊल गार पडलं, बधिर झालं, पंजा उचलता येईना.
- गाठ दगडासारखी कडक आहे, भराभर वाढतेय, पाय वाकवला तरी मऊ पडत नाही, रात्री झोपेतही दुखते : ती वेगळ्या प्रकारची गाठ असू शकते, तपासून घ्या.

इलाज काय?

गाठ आहे पण त्रास नाही, आणि ती पाण्याचीच आहे हे तपासणीत ठरलं आहे, तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. लक्ष ठेवायचं, बस्स.

त्रास असेल तर सुरुवात घरापासून करावी. पायाला विश्रांती द्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा लावा. बर्फ थेट कातडीवर नको. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. गुडघ्याचा पट्टा बांधायचा तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि इतका घट्ट नको की खाली पाऊल सुजेल.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने खाऊ नका. शुगर, बीपी, किडनीचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना त्या नुकसान करतात. रमजानमध्ये तर विशेष जपा. उपाशीपोटी आणि शरीरात पाणी कमी असताना या गोळ्यांचा पोटावर आणि किडनीवर भार वाढतो. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्या.

मग येतो व्यायाम. यालाच आपण सर्वांत कमी महत्त्व देतो. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दोन सोपे प्रकार सांगतो. एक, पाय सरळ पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा. दोन, पाठीवर झोपा, एक पाय वाकवलेला ठेवा, दुसरा सरळ ठेवून हातभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली आणा. व्यायामाने गाठ दुखत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. पोटरी सुजलेली असताना, तपासणी होईपर्यंत, कोणताही व्यायाम नको.

वजन कमी करणं हाही इलाजच आहे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो, त्यामुळे चार-पाच किलो कमी झाले तरी गुडघ्याला फरक कळतो.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढतात आणि बऱ्याचदा सोबत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आराम लवकर पडतो, पण मूळ कारण तसंच राहिलं तर पाणी पुन्हा भरतं. "डॉक्टरने पाणी काढलं तरी परत झालं" ही तक्रार यामुळेच ऐकू येते. शुगर असलेल्यांनी इंजेक्शनआधी डॉक्टरांना जरूर सांगावं, कारण नंतर काही दिवस साखर वाढू शकते.

गादी फाटली असेल तर दुर्बिणीच्या साहाय्याने छोटं ऑपरेशन करता येतं. आमवात असेल तर त्याची औषधं नियमित घेतली की गाठही आटोक्यात येते. गाठ कापून काढण्याचं ऑपरेशन क्वचितच लागतं, आणि आतला बिघाड राहिला तर त्यानंतरही ती परत येते.

काय करू नये?

गाठ सुईने टोचू नका, दाबून फोडू नका, गरम विटेने शेकू नका. गुडघ्याच्या मागच्या खळगीत पायाची मुख्य धमनी, मुख्य शीर आणि पंजाला जाणारी नस, तिन्ही जवळजवळ असतात. हिजामाबद्दल आमचा कोणाशी वाद नाही, पण या खळगीत चीर देऊन हिजामा करवून घेऊ नका. नस किंवा रक्तवाहिनी दुखावली तर आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं, आणि शुगर असेल तर जखम चिघळते. हाडवैद्याकडून गुडघा झटका देऊन 'बसवून' घेणंही टाळा.

नमाज, उमरा आणि रोजचं बसणं

गुडघा पूर्ण वाकवल्याने दुखत असेल तर काही काळ तो पूर्ण वाकवू नये, हा वैद्यकीय सल्ला आहे. जमिनीवर मांडी घालून, उकिडवं बसणं कमी करा. कमोडची खुर्ची, ओट्याजवळ उंच स्टूल, कपडे धुवायला बसायचा पाट उंच, असे छोटे बदल घरात सहज होतात. वुजूसाठी उंच बैठक ठेवली तर वाकून पाय धुवायचा त्रास वाचतो.

आजारी माणसाला नमाजमध्ये सवलत आहे हे आपण सगळे जाणतो, तरी खुर्चीवर बसायला आपले बुजुर्ग लाजतात. रुकू उभ्याने करावा की बसून, सजदा इशाऱ्याने कधी चालतो, याचे तपशील आपल्या इमाम साहेबांना विचारा. डॉक्टरांनी काय मना केलं आहे तेही त्यांना सांगा, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

उमऱ्याला किंवा हजला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तवाफच्या सात फेऱ्या आणि सफा-मरवामधली सई यांत कित्येक किलोमीटर चालणं होतं. गाठ असेल तर निघण्याआधी तपासून घ्या आणि गरज पडल्यास व्हीलचेअर घ्यायला संकोच करू नका. विमानात चार तासांहून जास्त एका जागी बसल्याने पायात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून मधूनमधून उठा, पंजे वर-खाली हलवा, पाणी पीत राहा. परतल्यावर एक पोटरी सुजली तर "चालण्याचा थकवा" म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी, त्या घरातली गोष्ट

रात्री अकरा वाजता मुलीने अम्मीला दवाखान्यात नेलं. डॉप्लर झाली. गुठळी नव्हती, गाठ फुटली होती. आराम, बर्फ, गोळ्या आणि नंतर व्यायाम यांवर अम्मी दीड-दोन महिन्यांत चालू-फिरू लागली. आता ती खुर्चीवर नमाज पढते. पण अहवाल उलट आला असता तर? त्या रात्री पोटरी चोळली असती तर? मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त एवढं कळत होतं की जे दिसत नाही त्याला हात लावू नये.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना एकदा विचारा, "गुडघ्याच्या मागे काही लागतं का?" त्या आपणहून सांगणार नाहीत. विचारलंत तर बहुधा सांगतील.

(हा लेख माहितीसाठी आहे. गाठ कसली आहे याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच करावा.)